मत्स्योदरीची चार घरे

जालना जिल्ह्यातील गावांची आणि देवस्थानांची नावे घालून मोबाइलवर सोडवायचे शब्दकोडे रचले, तर मंठ्याला दोन, परतूरला चार आणि जाफराबादला पाच घरे लागतात. घोडे अडते ते अंबडच्या मत्स्योदरी देवीपाशी. मराठी कोड्यात एका घरात मात्रा व जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसत असल्याने या नावाला चार घरे पुरतात, परंतु संगणक ते दहा संकेतांकांत, म्हणजे युनिकोडने चिन्हांना दिलेल्या क्रमांकांत साठवतो, आणि त्यांपैकी सहा एकट्या 'त्स्यो'चे असतात. मजकूर अक्षरांत तोडण्याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियमही देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवू लागला तो २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून. मराठी कोडेकारांना हे कागदावर कधीच शिकवावे लागले नव्हते.

तोडणी सुधारली तरी 'त्स्यो' घराबाहेर डोकावतोच. तेव्हा असे शब्द टाळावेत, हा सल्ला सोयीचा असला तरी भाषेला पडद्यासाठी कापणारा आहे. खरा दोष मापे पक्क्या आकड्यांत लिहिण्याचा आहे: ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर नऊ स्तंभांच्या कोड्याचे घर ४० पिक्सेलचे होते, पंधरा स्तंभांचे २४ वर येते, आणि मोठ्या घरासाठी ठरवलेला टंक तेथे मावत नाही.

होकोन व्हियम ली यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत आता चल, म्हणजे नाव दिलेली मूल्ये, उपलब्ध आहेत. एक मूल्य बदलले की त्यावर बेतलेली सर्व मापे ब्राउझर पान उघडे असतानाच पुन्हा काढतो. चलाच्या नावाआधी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात, नाव मात्र देवनागरीतही चालते. त्यामुळे 'घर' म्हणजे पडद्याची रुंदी भागिले 'स्तंभ', आणि टंकाचा आकार म्हणजे 'घर' गुणिले 'गुणक', असे सूत्र मांडून 'त्स्यो'च्या घरापुरता गुणक उतरवता येतो.

येथे एक खाचखळगा आहे. टंकाचे सूत्रही चलात भरून पानाच्या मुळाशी ठेवले, तर ते तेथेच सोडवले जाते आणि आतल्या घटकांना वारशाने सूत्र न मिळता तयार उत्तर मिळते; मग घरातला गुणक कितीही बदलला तरी अक्षर तसूभर हलत नाही. म्हणून 'स्तंभ' आणि 'घर' मुळाशी असावेत, पण टंकाचे सूत्र प्रत्येक घराच्या स्वतःच्या नियमात लिहावे.