विषाणू एक, परिणाम अनेक : कोरोनाच्या जनुकीय उत्तराला भारतीय पुराव्याची प्रतीक्षा

एकाच घरातील दोन बाधितांपैकी एक दोन दिवसांच्या तापानंतर बरा होतो आणि दुसऱ्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. कोरोना साथीतील हे कोडे केवळ वय, मधुमेह वा स्थूलता यांनी सुटत नव्हते. प्रतिकारशक्तीची पहिल्या काही दिवसांतील हालचाल आणि त्यामागील जनुके यांत त्याच्या उत्तराचा आणखी एक भाग सापडला आहे. मात्र तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला असल्याने भारताला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

विषाणू पेशीत शिरताच शरीर ‘इंटरफेरॉन’ ही प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. हा इशारा उशिरा गेला तर विषाणू फुप्फुसात बस्तान बसवतो आणि मागाहून खवळलेली प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ऊतींची हानी करते. ज्याँ-लॉराँ काझानोवा यांच्या गटाने २०२० मध्ये ९८७ अत्यवस्थ रुग्ण तपासले, तेव्हा १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांपैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत मात्र एकाकडेही ती नव्हती. प्रतिसादाच्या वेळेचे हेच महत्त्व उपचारांतही दिसले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना लाभ झाला नाही. भारतात दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णांनाही दिली गेलेली स्टेरॉइडे या कसोटीवर असमर्थनीयच ठरतात.

जनुकांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील एक खंड आजार गंभीर होण्याचा धोका वाढवतो आणि तो निअँडरथल मानवाकडून आला आहे, असे ह्यूगो झेबर्ग व पुढे नोबेल मिळवणारे स्वान्ते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत आढळणारा हा खंड दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत आहे. या आकड्याने साहजिकच खळबळ माजली. पण याच संशोधकांनी पुढे बाराव्या गुणसूत्रावरील, निअँडरथलांकडूनच आलेला एक खंड संरक्षक असल्याचे दाखवले. ती बातमी तितकी गाजली नाही.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे के. थंगराज आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने २०२१ मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरील खंडाचे दक्षिण आशियातील प्रमाण संसर्ग व मृत्युदराशी ताडून पाहिले. दोहोंत संबंध आढळला नाही. अर्थात हा पडताळा लोकसमूहांच्या पातळीवरचा होता. त्यावरून एखाद्या रुग्णाचा वैयक्तिक धोका ठरत नाही. वैद्यकीय सुविधा, निदानाची व्याप्ती आणि मृत्यूंच्या नोंदी यांतील तफावतही अशा तुलनेत मिसळलेली असते.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तिच्यामुळे कोणता जनुकीय बदल कोणत्या समाजात किती आढळतो, हे कळू शकेल. परंतु ती निरोगी व्यक्तींची आहे. तो बदल असलेल्यांपैकी किती जण अतिदक्षता विभागात पोहोचले, हे सांगण्यासाठी रुग्णांचे नमुने आणि त्यांच्या उपचारांच्या नोंदी एकत्र तपासाव्या लागतील.