अंगठा

परवा आमच्या नातवाने काढलेला एक फोटो घरच्या ग्रुपवर आला आणि कौतुकाचा नुसता वर्षाव झाला. स्टेशनबाहेर फुटपाथवर बसलेले एक आजोबा, अंगात सदरा नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, नजर कुठेतरी लांब. "किती बोलका फोटो!" असं निदान सात जणांनी लिहिलं. मी फोन करून विचारलं, "नाव काय रे त्यांचं?" तर म्हणाला, "अगं आजी, नाव विचारायला गेलं की माणूस सावध होतो. मग तो भाव राहत नाही."

हे मला अजिबात पटलेलं नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. (आणि हो, त्याला विचारून लिहिते आहे!)

'मायग्रंट मदर' हा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. मटार तोडणाऱ्या मजुरांची वस्ती, थंडीने पीक गेलेलं, हाताला काम नाही. सरकारी खात्यासाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँग तिथे थांबल्या, तंबूत बसलेल्या एका आईचे मोजके फोटो काढले आणि निघाल्या. त्यांतला एक जगभर गेला. मांडीवर तान्हं मूल, दोन मुलं तिच्या खांद्यांआड तोंड लपवून, तिचा हात गालाशी. आपण तिचं नाव विचारलं नाही, हे लँगबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. म्हणजे बेचाळीस वर्षं ही बाई साऱ्या देशाच्या गरिबीचा चेहरा होती आणि तिला स्वतःला त्यातून एक पैसा मिळाला नव्हता. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट. मूळ फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात, तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा दिसतो. लँगबाईंना तो खटकला, म्हणून पुढे त्यांनी तो निगेटिव्हवरून पुसून घेतला. आपल्याकडे अंगठा म्हणजे काय, हे सांगायला नको. ज्याला सही येत नाही त्याची संमती अंगठ्यात असते. लँगबाईंच्या मनात हे असणं शक्य नाही, पण मला ते वाचल्यापासून विसरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, फोटोमुळे मदत तर आली! आली ना. वर्तमानपत्रात फोटो छापून आले आणि सरकारने वस्तीवर वीस हजार पौंड अन्न पाठवलं. पण तोवर फ्लॉरेन्सचं कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेलं होतं. इतरांची पोटं भरली, ते चांगलंच झालं. पण म्हणून तिला विचारायची गरज नव्हती, असं होत नाही.

लँगबाई दुष्ट नव्हत्या. सातव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे त्या जन्मभर लंगडत चालल्या. लोक आपल्या शरीराकडे बघतात तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडून राहिलं, तर आपल्याकडून किती राहत असेल!

माझ्याकडूनही राहिलं आहे. शाळेत एका संस्थेतर्फे गणवेश वाटप होतं. फोटोवाला आला. वर्गातल्या एका मुलाला मीच पुढे केलं, "कपडे जरा वर धर, हस बघू." फोटो स्थानिक पेपरात आला. देणाऱ्यांची सगळी नावं, मुलं मात्र 'गरजू विद्यार्थी'. त्यानंतर तो मुलगा जुन्याच शर्टात येऊ लागला. का रे, म्हटलं, तर खाली बघून म्हणाला, "बाई, नव्या शर्टात सगळे ओळखतात." रोज हजेरी घेणारी मी, त्याचं नाव मला पाठ होतं. "तुझा फोटो काढू का?" एवढं मात्र विचारलं नाही.

तेव्हा बाळा, माणूस सावध होतो, तो त्याचा हक्क आहे. तो सदरा चढवील, केसांवरून हात फिरवील, कदाचित नको म्हणेल. सदरा चढवणारा माणूसही खराच असतो. तुला तो फोटोत नको असेल, तर तुला माणूस नको आहे, नुसत्या बरगड्या हव्या आहेत. लढाईत, अपघातात आधी विचारायला वेळ नसतो, कबूल. पण मग नंतर विचारावं. फुटपाथवर बसलेल्या म्हाताऱ्याला कसली घाई होती?

फोटोची प्रत छापून घे आणि त्यांच्याकडे जा. शेजारी बस, नाव विचार, फोटो दाखव. नको म्हणाले तर ग्रुपवरून काढून टाक. आणि 'बोलका फोटो' म्हणणाऱ्या सात जणांनो, तेव्हा तुम्हीही आपापल्या फोनमधून काढा. बोलका फोटो म्हणता, पण त्या आजोबांशी अजून कुणी बोललेलंच नाही.