दाव्यात मासे लिहा

सामूहिक हक्काचे दावे भरताना बऱ्याच ग्रामसभा मोह, टेंभुर्णीची पानं, बांबू, चारा सगळं लिहितात आणि मासे विसरतात. विचारलं तर म्हणतात, मासे तर आपण धरतोच, त्याचा कसला दावा?

तवा धरणावर काय झालं ते ऐका. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात सत्तरच्या दशकात तवा नदी अडवली. गोंड-कोरकूंची 44 गावं उठली. शेतं पाण्यात गेली, मग पाण्यातले मासे तरी आपले? तेही नाहीत. आधी सरकारी निगम, मग ठेकेदार. आपल्याच बुडालेल्या शेतावर जाळं टाकलं तर चोर!

लोक लढले. 1996 साली धरणग्रस्तांच्या तवा मत्स्य संघाला पाच वर्षांचा पट्टा मिळाला. संघानं बीज सोडलं, मासे अंडी घालतात त्या पावसाळ्यात जाळी बंद ठेवली, सरकारची रॉयल्टीही भरली. आदिवासींना धंदा जमत नाही म्हणणारे गप्प झाले. पट्टा एकदा वाढला. 2006 संपता संपता मुदत सरली आणि वाघाचं, अभयारण्याचं कारण पुढं करून तो पुन्हा दिला नाही. काम चांगलं होतं, पण कागद मुदतीचा होता.

आता वनहक्क कायद्याच्या कलम 3(1) मध्ये मासे आणि पाणवठ्यातली इतर उपज स्पष्ट लिहिलेली आहे. हा हक्क आहे, त्याला पाच वर्षांची मुदत नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातली जमीनही या कायद्यात वनजमीनच धरली आहे. मोठ्या धरणाच्या पाण्यावर पाटबंधारेवाले भांडतील, भांडू द्या. आपले ओढे, डोह, नदी तर आधी लिहा.

नुसतं 'मासेमारी' लिहून भागणार नाही. प्रत्येक डोहाचं नाव घाला. वलगणीचे मासे कुठं चढतात, खेकडे कुठं मिळतात, उन्हाळ्यात बाया टोपली घेऊन कुठल्या ओढ्याला जातात, ते बायांनाच विचारा; पुरुषांना निम्मं माहीत नसतं. म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घ्या, तो पुरावा चालतो. आणि सुरुंग लावून, विष टाकून कुणी मासे मारणार नाही, असा ठराव त्याच सभेत करा. आपलीच पोरं ते करतात, हे लपवू नका.

ज्यांचे अर्ज उपविभागीय समितीकडे गेलेत त्यांनी पुरवणी ठराव करून पाठवावा आणि पोच घ्यावी.