कांद्याच्या माळा आणि शेजाऱ्याचा गोठा

१८६५च्या उन्हाळ्यात लंडनमधील गोठ्यांत दुभत्या गाई पटापट मरू लागल्या. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. आपल्याकडे ज्याला बुळकांडी म्हणत, तोच हा रोग. बाल्टिक किनाऱ्याकडून हल बंदरात उतरलेल्या गुरांबरोबर तो आला, असे मानले जाते. त्यावर कोणाजवळही औषध नव्हते. (पुढेही कधी सापडले नाही, बुळकांडी हटली ती लसीने.)

औषध नसले की उपायांना तोटा नसतो. गोठ्यांत कांद्याच्या माळा लटकल्या. कांदा, लसूण, आले आणि हिंग यांचा काढा गाजू लागला. आपल्या स्वयंपाकघरातील ऐवज व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये रामबाण ठरावा, ही गंमतच. होमिओपॅथीच्या चाचणीसाठी तर उमरावांच्या आश्रयाने स्वतंत्र संस्था निघाली. यांतील सारेच भोंदू होते असे मी म्हणणार नाही. गाय हीच ज्याची पुंजी, त्याने हातावर हात ठेवून बसावे, अशी अपेक्षा कोण करील?

परंतु काही जनावरे उपचाराविनाही वाचत. वाचलेल्या गाईचे श्रेय काढ्याला आणि मेलेल्या गाईचा दोष ‘उशिरा पाजला’ याला, असा हिशेब ठेवला की कोणतेही औषध हरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, काढा पाजत राखलेली आजारी गाय तेवढे दिवस शेजारच्या गोठ्यात रोग पोहोचवीत राही. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य मालकाचे आणि त्याची किंमत मोजणार शेजारी! पशुवैद्यकातील पर्यायी उपायांची चर्चा ‘ज्याची त्याची श्रद्धा’ या शब्दांत मिटवता येत नाही, ती यामुळेच.

लायन प्लेफेअर आदींचा समावेश असलेल्या शाही आयोगाने १८६५ मध्येच गुरांची ने-आण थांबवा, असे सुचविले. पशुवैद्य जॉन गॅमजी तर आधीपासून कानीकपाळी ओरडत होते. सरकार कचरले. अखेर फेब्रुवारी १८६६ मध्ये संसदेने कायदा करून बाधित जनावरांची कत्तल सक्तीची केली. आठवड्याला हजारोंनी होणारी नवी लागण काही महिन्यांत ओसरली आणि १८६७ मध्ये साथ संपली. तोवर अडीच लाखांहून अधिक गुरांना ती ग्रासून गेली होती.

या कायद्याची आठवण कत्तलीसाठी काढली जाते. मला त्यातील भरपाईचे कलम अधिक मोलाचे वाटते. मारलेल्या आजारी जनावराच्या निम्म्या किमतीपर्यंत, कमाल २० पौंड, मालकाला मिळत. पदरात काहीच न टाकता उपाय हिरावून घेतला, तर पशुपालक रोग लपवणारच.

आपल्याकडे कायदा नाही, असे नव्हे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधाची व्याख्या माणसांबरोबर प्राण्यांनाही लागू आहे. १९५४च्या कायद्यातील ‘जादुई उपाया’च्या व्याख्येतही प्राण्यांच्या रोगांवरील गंडे, मंत्र व कवचे येतात. तरीही २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत विड्याचे पान, मिरी, मीठ आणि गूळ यांच्या मिश्रणाची भलामण झालीच. जनावराला आराम पडावा म्हणून ते द्यायला माझा आक्षेप नाही. त्याच्या भरवशावर लस टाळली गेली, तर मात्र आहे. आणि ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असे मानून घरच्या कुत्र्यामांजरांना हे प्रयोग करणाऱ्यांनी एवढे जाणावे की, काढ्यातील तोच कांदा-लसूण त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो.

म्हणून नियमनाचा रोख वनस्पतीवर नव्हे, दाव्यावर असावा. ‘पोषक’ म्हणून विकायचे तर घटक आणि मात्रा स्पष्ट छापा. संसर्गजन्य रोग ‘बरा करतो’ असे बाटलीवर लिहायचे असेल, तर उपचार न केलेल्या जनावरांशी तुलना केलेली चाचणी आधी दाखवा. आणि साथीची खबर वेळेवर देणाऱ्या पशुपालकाला भरपाई मिळण्याची तरतूद याच नियमांत असू द्या.