प्रशिक्षण न्यायाधीशांचे, कसोटी आदिवासींच्या न्यायाची

१८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे गोंड राजा शंकर शाह व त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. अटकेनंतर काही दिवसांतच खटला उरकण्यात आला होता. त्याच जबलपुरात १९५६ पासून मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आहे आणि जिल्हा न्यायालयांच्या न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी राज्य न्यायिक अकादमीही तेथेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात दीड कोटीहून अधिक आदिवासी आहेत. म्हणजे पाचांतील एकाहून जास्त. गोंड व बैगांचे मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे जबलपूरला लागूनच आहेत. तेव्हा न्यायाधीश आदिवासी जीवनाविषयी काय शिकतात, हा केवळ खात्यांतर्गत प्रश्न राहत नाही.

अज्ञानाची किंमत कोण मोजतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरविले; पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती होती, असे मानले गेले! खाकी वर्दीपुढे दरिद्री मुलीची वाचा का बसते, हे न्यायासनाला कळले नाही. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

कायदे आज कमी नाहीत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेच्या रूढीनुसार तंटा मिटविण्याच्या पद्धतीला मान्यता देतो. २००६ चा वनहक्क कायदा आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, असाही दंडक आहे. परंतु गोंडी जाणणारा दुभाषीच नसेल, तर हा दंडक कागदावरच राहतो. सुमारे तीस लाखांची ही भाषा अद्याप आठव्या अनुसूचीतही नाही.

शिवाय आदिवासीची पहिली गाठ न्यायाधीशाशी पडत नाही. ती कारकुनाशी, बेलिफाशी, शिपायाशी पडते. तारीख कोणती, कागद कसला, हे तेथेच कळते, किंवा कळत नाही. आणि हिरावलेली जमीन परत मिळविण्याची, मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १७०-ब खालची प्रकरणे तर महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात. केवळ न्यायाधीशांना व्याख्याने देऊन भागणार नाही, ते यामुळेच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : प्रशिक्षणात आदिवासी भाषा, रूढी व जमिनीचा इतिहास सक्तीचा करा; कर्मचारी व महसूल अधिकारी यांनाही त्यात सामील करा; पगारी दुभाषी नेमा; आणि शिकविण्यासाठी ग्रामसभांतील जाणत्या स्त्री-पुरुषांना बोलवा. अर्थात, प्रशिक्षणाने वर्गीय अन्याय संपत नाही. तो संघटित लढ्यानेच संपेल. पण कोर्टाच्या पायरीवर आपली बाजू आपल्या भाषेत मांडता येणे, हेही त्या लढ्याचे एक हत्यार आहे. ते आदिवासींच्या हाती देण्यास विलंब होता कामा नये.