डिस्चार्ज कार्डाचं मागचं कोरं पान

गेल्या जूनमध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, चौथ्यांदा हॉस्पिटलमधून घरी आणलं. वय ८३, हार्ट फेल्युअर. डिस्चार्ज कार्डावर नऊ गोळ्या, ‘मीठ कमी’ आणि ‘त्रास झाल्यास दाखवणे’. मागचं पान कोरं.

आता हा त्रास कुठे होतो ते बघा. रत्नागिरी तालुक्यातलं आमचं गाव, रात्रीचे दोन, पाऊस, लाइट गेलेली. आडवं झालं की अण्णांना दम लागतो, म्हणून ते पडवीत आरामखुर्चीत बसून रात्र काढतात. पाय सुजलेले. सोबतीला ७८ वर्षांची आजी. बाबा डोंबिवलीत, मी पुण्यात. ‘दाखवणे’ म्हणजे नक्की कुणी, कुठे आणि कशातून नेऊन दाखवणे?

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादं फालतू ॲप लाइव्ह गेलं, तरी रात्री फोन उचलायला आमच्याकडे कुणीतरी ड्युटीवर असतं. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी मात्र कार्डावर एक नंबर नाही.

आणि हा आजार सहसा सांगून येतो. हृदय नीट पंप करत नाही, अंगात पाणी साठतं. दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलो वाढलं, तर धोका जवळ आलाय. रोज वजन बघून कुणी डॉक्टरांना कळवलं आणि लघवीच्या गोळीचा डोस वेळेत बदलला, तर रात्रीची कितीतरी धावपळ वाचते. ‘मीठ कमी’ म्हणजे पेजेबरोबरचं लोणचं, पापड आणि पावसाळ्यासाठी ठेवलेलं सुकटसुद्धा, हे आजीला कुणीतरी घरी बसून सांगायला हवं. शेवटी औषधांनीही दम हटेना, तर मॉर्फिनच्या छोट्या डोसने आराम पडू शकतो. त्याच्या वैद्यकीय वापराचे नियम २०१४ सालीच सोपे झालेत.

याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. यात उपचार थांबत नाहीत. त्यांच्याबरोबरच त्रास कमी करायचा आणि माणसाला काय हवंय ते विचारायचं.

पण आपल्याकडे हा शब्द कॅन्सरलाच चिकटलाय. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६चं, पुण्याचं सिप्ला केंद्र १९९७चं. दोन्हींचं काम मोठं, पण मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१४चा अंदाज मात्र सांगतो की ही सेवा लागणाऱ्या प्रौढांमध्ये सर्वाधिक, ३८.५ टक्के, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे. कॅन्सरचे ३४.

‘पैसे कुठून आणायचे?’ केरळकडे बघा. कोळिकोडला १९९३मध्ये सुरुवात झाली, २००८मध्ये राज्याचं धोरण आलं. आज तिथे पंचायतीमार्फत नर्स घरी येते. त्यासाठी कोट्यवधींचं मशीन लागलं नाही. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत, २०२३पासून रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डिस्चार्जच्या आधी त्या कोऱ्या पानावर एका नर्सचं नाव आणि नंबर लिहा. तिला वजनकाटा, गाडी आणि सल्ल्यासाठी डॉक्टर द्या. जिल्ह्यात मॉर्फिन ठेवा आणि ते द्यायला डॉक्टर तयार करा. एवढंच मागणं आहे.

आणि आपण, शहरातली नातवंडं? आपण ॲम्ब्युलन्स मागवतो आणि फॅमिली ग्रुपवर ‘बेस्ट ट्रीटमेंट चालू आहे’ टाकतो. त्यात प्रेम असतं, पण गावी नसल्याची टोचणीही असते. शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये मान्य केला. २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. किती घरांत यावर बोलणं झालंय?

आमच्या घरात झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये अण्णांना पाचव्यांदा घेऊन कोल्हापूरला निघालो, तेव्हा आंबा घाटात ते मला म्हणाले, “पुन्हा हा घाट चढवू नकोस मला. दम तेवढा कमी करा, बास.”

दम घरी कमी करायची सोय नाही, म्हणून आपण त्यांना घाट चढवत राहतो.