दुसऱ्या घराचा विसार देण्याआधी

विसार दिला म्हणून घर शोधणे थांबते, असे क्वचितच होते. कोथरूडला जुन्या सोसायटीतला फ्लॅट ठरतो, दोन-तीन लाखांचे टोकन जाते, आणि पुढच्याच आठवड्यात दलालाचा फोन येतो. वारज्यात तेवढ्याच पैशांत मोठे घर आहे, मालक घाईत आहे, आजच काहीतरी देऊन ठेवा. पाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली असेल तर ही घाई आणखी वाढते. घरात चर्चा होते, रात्री उशिरा हिशेब मांडला जातो आणि पहिला व्यवहार उभा असतानाच दुसऱ्या ठिकाणी शब्द दिला जातो.

यामागे लबाडी असतेच असे नाही. आयुष्यभराची पुंजी एकाच व्यवहारात घालणाऱ्या माणसाला चुकीच्या घरात अडकण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. तरीही पहिल्या शब्दातून लेखी सुटका होईपर्यंत दुसरा विनाअट शब्द देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते केवळ नैतिकतेपोटी नाही.

विसार पावती साध्या कागदावर असली तरी तिच्यात मालमत्ता, किंमत, पक्ष आणि मुदत ठरलेली असेल, तर तो करार ठरू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे अशा कराराने घराची मालकी मिळत नाही, पण करार पाळण्याची जबाबदारी येते. विशिष्ट अनुतोष कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीने ही जबाबदारी आणखी घट्ट केली. त्याआधी करार प्रत्यक्ष पाळायला लावायचा की नाही, हे बरेचसे न्यायालयाच्या विवेकावर होते. आता कायद्यातले अपवाद सोडले तर न्यायालयाने तो पाळायला लावावा, हाच नियम आहे. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे ‘टोकन सोडून दिले की विषय संपला’ ही सर्रास ऐकू येणारी समजूत धोक्याची आहे. विक्रेत्याला नंतर तेच घर कमी भावाने विकावे लागले, तर तो फरक करार कायद्याच्या कलम 73 खाली तो मागू शकतो.

खुद्द विसाराच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा सतीश बत्रा प्रकरणातील निकाल प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावा असा आहे. तिथे 70 लाखांच्या व्यवहारात 7 लाख बयाणा दिला होता. खरेदीदाराकडून व्यवहार मोडला आणि ती सगळी रक्कम जप्त करण्याचा विक्रेत्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम जप्त होऊ शकते, निव्वळ किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही, असा फरक न्यायालयाने सांगितला. आपल्या पावतीत नेमके काय लिहिले आहे, हे किती जण वाचतात?

आता पैशांचे पाहू. दुसरे घर 80 लाखांचे आहे असे धरू. 30 लाखांवरच्या आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे. 80 लाखांच्या घरावर 60 लाखांचे कर्ज धरले, तर उरलेले 20 लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. जवळपास 26 लाख रोख उभे करायचे असताना पहिल्या घरात अडकलेले दोन-तीन लाख लहान राहत नाहीत. शिवाय बँकेने पहिल्या घराचे टायटल तपासले असेल, मूल्यांकन केले असेल, तर घर बदलल्यावर ते सारे नव्याने होते. पहिल्या साठेखताची नोंदणी झाली असेल तर प्रकरण आणखी लांबते, कारण मग रद्दलेखाची नोंदणी आणि भरलेल्या शुल्काच्या परताव्याची खटपट करावी लागते.

या हिशेबात पलीकडचा माणूस बहुधा धरला जात नाही. रिसेलचे घर विकणारा अनेकदा स्वतःही दुसरे घर घेत असतो. मुलीच्या शाळेजवळ किंवा म्हाताऱ्या आईवडिलांसाठी लिफ्टच्या इमारतीत. आपल्या विसाराच्या भरवशावर त्याने पुढे विसार दिलेला असतो. आपण मागे फिरलो की त्याचाही शब्द मोडतो, आणि त्याच्यापुढच्याचाही. एकाच घरावर दोघांकडून विसार घेणाऱ्या मालकाला आपण फसवा म्हणतो आणि तसे म्हणणे योग्यच आहे. दोन घरांवर विसार देणाऱ्या खरेदीदाराला मात्र समाज हुशार म्हणतो. हा दुजाभाव आम्हाला मान्य नाही.

मग दुसरे घर खरोखर चांगले असेल तर काय करावे? मार्ग आहे, आणि तो कायद्यातच आहे. करार कायद्याचे कलम 31 सशर्त कराराला मान्यता देते. दुसऱ्या मालकाला खरी परिस्थिती सांगून, ‘अमुक तारखेपर्यंत आधीचा व्यवहार लेखी रद्द झाला तरच हा करार लागू होईल, अन्यथा रक्कम पूर्ण परत’ असे लिहून घेता येते. काही मालक नकार देतील. देऊ द्यावा. जो ऐकून घेतो त्याच्याशी पुढे वाद होण्याचा संभव कमी. त्याच वेळी पहिल्या मालकाकडे जाऊन कलम 62 प्रमाणे परस्परसंमतीने करार रद्द करण्याचे बोलावे. त्याचे झालेले नुकसान वाजवीपणे भरून द्यावे आणि दोघांच्या सहीचा कागद करावा. फोनवरच्या ‘ठीक आहे, बघू’ला सुटका समजू नये.

नव्या प्रकल्पातल्या ग्राहकाला यातले बरेचसे संरक्षण आधीच मिळाले आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात तर 15 दिवसांच्या आत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापायचे नाही आणि 61 दिवसांनंतरही दोन टक्केच कापायचे, असे टप्पे घालून दिले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घराच्या खरेदीदाराला साधारणपणे पाच कामकाजाचे दिवस फेरविचाराला मिळतात आणि मागे फिरल्यास किमतीच्या पाव टक्का रक्कम सोडावी लागते. आपल्याकडे रिसेलच्या ग्राहकाला मात्र दलालाने छापून आणलेल्या पावतीवर किंवा मोबाइलवरच्या संदेशावर विसंबून राहावे लागते.

राज्याच्या नोंदणी विभागाने रिसेलसाठी विसार पावतीचा एक प्रमाण नमुना मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात फेरविचाराची ठरावीक मुदत, कपातीची कमाल मर्यादा, रक्कम परत करण्याची तारीख आणि दोन्ही बाजूंनी आधीच्या वचनबद्धतेची घोषणा हे चार रकाने सक्तीचे असावेत. मोठ्या खर्चाचे किंवा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे हे काम नाही, एका परिपत्रकाने सुरुवात होऊ शकते. तोवर वाचकांना आमची विनंती एवढीच आहे: दुसऱ्या घराला होकार देण्यापूर्वी पहिली विसार पावती वकिलाला दाखवा, आणि पहिल्या मालकाला ती बातमी दलालाकडून कळण्याआधी स्वतः जाऊन सांगा.